कूलर की एसी? आधी ओलं फडकं, मग दुकान

नागपूरला आईबाबांचं घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची. डोंबिवलीला बहिणीचं घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं. नागपुरात मे महिन्यातही आम्ही कूलरसमोर पांघरूण घेऊन झोपायचो, म्हणून बहिणीने लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात डोंबिवलीला तसाच कूलर घेतला. पंधरा दिवसांत पापड सादळले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागला आणि अंगाची चिकचिक पंख्याखाली होती त्याहून वाढली. कूलर चांगला होता, पाणीही वेळेवर भरलं जात होतं. पण डोंबिवलीच्या हवेत कूलरला करता येण्यासारखं कामच नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी "यंदा काय घेऊ?" असं विचारलं की मी आधी त्यांना थर्मामीटर घ्यायला लावते. किंमत, कंपनी, स्टार हे सगळं त्यानंतर. कोणतं यंत्र चालेल हे तुमच्या खिडकीबाहेरची हवा ठरवते, आणि ते घरबसल्या दहा मिनिटांत मोजता येतं.

दोघांची कामं वेगळी

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि जाता जाता हवेतलं पाणीही काढून घेतो. त्यासाठी खोली बंद लागते. कूलर बाहेरची गरम, कोरडी हवा ओल्या ताट्यांतून (पॅडमधून) ओढतो. ताटीवरचं पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. वाळ्याच्या ताट्या दारं-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडत, त्यामागचं शास्त्रही हेच. कूलर म्हणजे त्या ताटीला जोडलेला पंखा आणि पंप.

पण हवेत आधीच ओल भरलेली असेल तर ताटीवरचं पाणी उडणार कुठे? पावसाळ्यात माठ गार होत नाही, तसंच हे. म्हणून कूलरला खोली उघडी लागते: आत आलेली ओलसर हवा समोरच्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी लावणारी घरं मी पाहिली आहेत. कूलर हवेत पाणी घालतो, एसी वीज जाळून तेच पाणी काढतो. बिल मात्र दोघांचं येतं.

पहिली पायरी: ओल्या फडक्याची परीक्षा

खोलीचं तापमान दाखवणारा साधा काचेचा थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही, त्याचा पारा आपोआप खाली येत नाही.

दुपारी तीन-साडेतीनला तो बाहेर सावलीत धरा, म्हणजे बाल्कनीत किंवा जिन्याच्या खिडकीत, पण भिंतीला न टेकवता. पाच मिनिटांनी आकडा लिहून घ्या. हा कोरडा आकडा.

आता पातळ सुती कापडाची पट्टी (जुन्या धोतराची किंवा मलमलची उत्तम) साध्या पाण्यात भिजवून थर्मामीटरच्या खालच्या गोळीभोवती गुंडाळा आणि त्यावर टेबलफॅनचा झोत सोडा. पारा उतरू लागेल. तीन-चार मिनिटांनी एका जागी थांबेल. हा ओला आकडा. कापड वाळू देऊ नका, आणि फ्रिजचं पाणीही वापरू नका.

कितीही भारी कूलर घेतला तरी त्यातून येणारी हवा या ओल्या आकड्याच्या खाली जात नाही. ती निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. प्रत्यक्षात चांगल्या ताट्यांचा, नीट ओला राहणारा कूलर दोन आकड्यांमधल्या अंतराच्या साधारण तीन चतुर्थांश एवढी मजल मारतो. कोरडा ४० आणि ओला २४ असेल तर अंतर १६, त्याचे तीन चतुर्थांश १२, म्हणजे झोत २८ अंशांचा. खोलीत फिरून ती हवा आणखी दोन-तीन अंश तापते, तेवढं गृहीत धरा.

याच हिशेबाने आपल्याकडच्या काही नेहमीच्या दिवसांचं चित्र असं दिसतं:

| ठिकाण आणि वेळ | कोरडा आकडा, आर्द्रता | ओला आकडा | कूलरचा झोत |
|---|---|---|---|
| नागपूर, मे, दुपार | ४४ अंश, १५% | सुमारे २३ | २८ ते २९ |
| पुणे, एप्रिल, दुपार | ३९ अंश, २०% | सुमारे २२ | सुमारे २६ |
| डोंबिवली, मे, दुपार | ३४ अंश, ६५% | सुमारे २८.५ | सुमारे ३० |
| नागपूर, जुलै, पावसाची उघडीप | ३१ अंश, ८०% | सुमारे २८ | सुमारे २९ |

तिसरी ओळ नीट बघा. बहिणीच्या खोलीत कूलर चार अंश उतरवत होता, हे खरं. पण झोतातली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेली. त्या हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला गारवा मिळण्याची वाटच बंद होते. नागपूरच्या पहिल्या ओळीत झोत जवळपास तेवढाच आहे, तरी तिथे माणूस सुखाने झोपतो, कारण आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर थांबते आणि बाहेर ४४ अंशांच्या झळा असतात.

माझा ठोकताळा असा. भर उन्हाळ्यात ओला आकडा २४ किंवा त्याखाली असेल तर बेलाशक कूलर. २५-२६ असेल तर कूलर चालेल, पण काही दिवस तो हात टेकेल. २७ किंवा वर असेल तर कूलरवर एक रुपयाही घालू नका. पंखा तरी लावा किंवा एसी तरी घ्या.

एका दिवसाच्या मापावर निर्णय घेऊ नका. मार्चअखेर, एप्रिलमध्ये आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात असं तीनदा मोजा. ढग दाटून आलेल्या, वळवाच्या दिवशी एकदा मुद्दाम मोजा, म्हणजे कूलर कुठल्या दिवशी दगा देणार ते कळेल. शेजारच्या जिल्ह्यात पाहुणे गेलात आणि तिथला कूलर आवडला, तर त्या भरवशावर आपल्या घरी घेऊ नका. फडकं आपल्याच खिडकीत भिजवा.

हवा तुमच्या बाजूची आहे का?

विदर्भ, खानदेश, मराठवाड्याचा बराचसा भाग आणि सोलापूर हे एप्रिल-मेमध्ये कूलरचे प्रदेश. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूर-चंद्रपूरला जे ऊन पडतं ते माणसाला जेवढं छळतं, तेवढंच कूलरला मानवतं. पण मृगाच्या पहिल्या सरी आल्या की दहा दिवसांत डाव पालटतो. जून-जुलैची गदमद आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची तलखी, या काळात विदर्भातही कूलर नुसता गोंगाट करणारा पंखा होतो. कूलर घेणाऱ्याने हे आधीच मान्य करायला हवं: तो अडीच-तीन महिन्यांचा सोबती आहे.

मुंबई, ठाणे, पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत आणि पुढे गोव्यात कूलरचा विषयच काढू नका. दुकानात "टॉवर कूलर", "पर्सनल कूलर" म्हणून आणि ऑनलाइन "मिनी एसी" म्हणून जे डबे विकतात, ते सगळे पाणी उडवणारे कूलरच आहेत. खरा एसी उष्णता बाहेर फेकतो, त्यामुळे त्याला बाहेर जाणारा पाइप किंवा बाहेरचं युनिट असतंच, नाहीतर खिडकीतल्या एसीसारखा त्याचा मागचा भाग बाहेर असतो. यांतलं काहीच नसेल तर तो एसी नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

पुणे, नाशिक, सातारा हे मधले. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कूलर छान चालतो, पुढे वळीव सुरू झाला की संध्याकाळी कोंदटतं. पण तोवर रात्री गार व्हायला लागतात. पुण्यात खिडकी बरी असलेल्या घराला एसीची गरज आहे असं मला अजून पटलेलं नाही. खिडक्या उघडल्या की रस्त्याचा धूर आणि आवाज आत येतो अशा ठिकाणी राहणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. कूलरला खिडकी उघडी लागते आणि त्यांना ती बंद हवी असते.

दुसरी पायरी: टाकीत पाणी आहे का?

कूलर जिथे सर्वांत चांगला चालतो तिथेच उन्हाळ्यात पाण्याची मारामार असते. हा पेच मोठा आहे आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथली कोरडी हवा कूलरला अगदी योग्य होती.

किती पाणी लागतं? तासाला १००० घनमीटर हवा फेकणारा छोटा कूलर, मेच्या दुपारी हवा पंधरा अंशांनी उतरवत असेल, तर तासाला सात लिटरच्या आसपास पाणी उडवतो. खिडकीतला मोठा लोखंडी कूलर खरोखर ३००० घनमीटर हवा ओढत असेल तर वीस लिटर. दुपारी आणि रात्री मिळून बारा तास चालवला तर छोट्याला ८०-९० लिटर, मोठ्याला २०० च्या पुढे. रात्री हवा कमी तापलेली असल्याने थोडं कमी लागतं. पण पाणी कमी उडणं म्हणजे गारवाही कमी. "पाणी वाचवणारा कूलर" ही जाहिरात म्हणूनच मला पटत नाही.

वर बोअरचं जड पाणी असेल तर क्षार ताटीवर साचतात, पांढरा थर धरतो आणि महिन्याभरात हवा जाणं बंद होतं. त्यावर उपाय म्हणजे टाकीतलं उरलेलं खारट पाणी रोज थोडं काढून टाकायचं. ते झाडांना घालू नका, फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

नळ दिवसाआड येत असेल, टँकर मागवावा लागत असेल किंवा पाणी तिसऱ्या मजल्यावर बादलीने चढवावं लागत असेल, तर ती बादली कोण उचलणार हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारा. माझ्या पाहण्यात ती बहुतेक घरांत बाईच उचलते. साठीच्या आईला रोज शंभर लिटर पाणी वाहायला लावून मिळालेला गारवा स्वस्त नाही. अशा घरात एक टनाचा एसी घ्या, असं मी स्पष्ट सांगते.

एसीलाही पाणी लागतंच, फक्त ते आपल्या टाकीतलं नसतं. जुन्या औष्णिक वीजकेंद्रांना केंद्र सरकारने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा एका युनिटमागे ३.५ लिटर पाण्याची आहे. रात्रीत पाच-सहा युनिटं जाळणाऱ्या एसीच्या नावावर वीसेक लिटर पडतात. कूलरपेक्षा हे कमीच.

तिसरी पायरी: आधी गच्ची, मग यंत्र

वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. हात वर करून छताला लावून बघा, कळेल. हे न थांबवता यंत्र घेतलं तर एक टनाच्या जागी दीड टन लागतो आणि तरी समाधान होत नाही.

गच्ची झाडून, धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात मारा. चुन्यात डिंक किंवा पांढरा सिमेंट मिसळला तर तो लवकर उडत नाही. दरवर्षी मार्चमध्ये करायचं काम आहे, एका दिवसाचं. पैसे असतील तर उष्णता परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. नागपुरात गच्चीवर बांबू बांधून हिरवी जाळी ताणतात, तेही चांगलं. जाळी आणि स्लॅब यांत माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा, वारा खेळला पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा बांबूचा पडदा सोडा, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही.

आईबाबांकडे चुना आणि जाळी केल्यावर रात्री अकराला छताला हात लावता येऊ लागला. कूलर तोच, झोप वेगळी.

पत्र्याच्या घरात एसी लावण्याचा विचार असेल तर थांबा. पत्रा आणि भिंत यांमधल्या फटींतून गार हवा निघून जाते आणि पत्र्याची धग डोक्यावर तशीच राहते. आधी आतून छत घाला, तेही जमत नसेल तर कूलर. फटी असणं कूलरच्या पथ्यावर पडतं.

चौथी पायरी: वीज आणि पैसा

खिडकीतला लोखंडी कूलर पंपासकट साधारण २०० वॉट घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. एक टनाचा पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी, खोली नीट बंद असेल आणि रिमोटवरचा आकडा २६ वर असेल, तर तासाला अर्धा ते पाऊण युनिट. हंगाम शंभर दिवसांचा धरू. कूलर रोज बारा तास: २४० युनिटं. एसी रोज रात्री आठ तास: ४०० ते ६०० युनिटं.

युनिटचा भाव म्हणून बिलावरची सरासरी धरू नका. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांचा आहे, १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. एसीची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात. मागच्या मे महिन्याचं बिल काढा, त्यात महिन्याची दीडशे युनिटं मिळवा आणि कुठला टप्पा ओलांडला जातो ते बघा. एवढं केलं तर जूनमध्ये बिल बघून धक्का बसणार नाही.

खरेदीचा फरक उघड आहे. लोखंडी कूलर दहा हजारांच्या आगेमागे, एक टनाचा एसी तीस-चाळीस हजार. पण एसीच्या किमतीत स्टँड, जादा पाइप, स्टॅबिलायझर, नवी वायर हे नसतं, ते विचारून घ्या. भाड्याच्या घरात असाल तर काढणं, नेणं, परत लावणं, गॅस भरणं हा खर्च घर बदलताना दर वेळी आहे. कूलर टेम्पोत टाकला की झालं.

वीज वारंवार जात असेल तर कूलरच्या बाजूने एक मुद्दा वाढतो: घरातल्या बऱ्या, बॅटरीच्या इन्व्हर्टरवर तो चालतो, एसी चालत नाही.

कूलर ठरला तर

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. दर दोन मिनिटांनी पूर्ण हवा बदलायची तर मिनिटाला ६०० घनफूट हवा हवी. खोक्यावर आकडा बहुधा तासाला घनमीटर असा असतो, म्हणून १.७ ने गुणा: सुमारे १०००. खोक्यावरचे आकडे सढळ हाताने छापलेले असतात, म्हणून दीडपट घ्या, वर तापता स्लॅब असेल तर दुप्पट.

कूलर खिडकीच्या बाहेर, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत. खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि तासाभरात खोली कोंदट होते. हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला किमान दोन चौरस फूट वाट ठेवा. वाट पुरेशी आहे का हे तपासायला त्या खिडकीत कागदाचा कपटा धरा; तो बाहेरच्या दिशेने फडफडला पाहिजे. खोलीचं दार आपोआप जोरात ढकललं जात असेल तर वाट कमी पडते आहे. एकच खिडकी असलेल्या घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून मधलं दार उघडं टाका, काम होतं.

ताट्यांमध्ये लाकडाच्या तुसाचं गवत सर्वांत स्वस्त, पण ते एका हंगामाचं. वाळ्याच्या ताटीचा वास असा की पहिल्या दिवशी घरात सगळे मुद्दाम समोर येऊन बसतात. मात्र हवा थोडी अडते आणि दरवर्षी बदलावी लागते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदी ताटी महाग, पण दोन-तीन हंगाम टिकते आणि पाणी सारखं पसरतं. पाणी जड असेल तर महाग ताटीत पैसे घालू नका, क्षार तिलाही सोडत नाही.

टाकीत बर्फ टाकण्याचा फार उपयोग नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं. बर्फ करायला फ्रिजने जाळलेली वीज आणि स्वयंपाकघरात सोडलेली उष्णता वेगळीच. त्याऐवजी ताटीचा कोरडा राहिलेला कोपरा शोधा, पाण्याच्या नळीची बुजलेली भोकं सुईने मोकळी करा.

करंट: हा भाग वाचल्याशिवाय कूलर लावू नका

लोखंडी पत्रा, साचलेलं पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळताना हात लावणारी लेकरं असतात. महावितरण दरवर्षी याबद्दल आवाहन करते. तरीही घराघरांत दोन पिनांची वायर, इन्सुलेशन टेपचे जोड आणि मातीशी संबंध नसलेलं अर्थिंग दिसतं. यात तडजोड नको.

कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का हे वायरमनकडून मोजून घ्या. भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, बोलण्यात त्याला ईएलसीबी म्हणतात. गळका करंट जाणवताच तो क्षणात वीज तोडतो. त्यावर एक चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो बदला. नेहमीचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) हे काम करत नाही, तो वायर वाचवतो, माणूस नाही.

पाणी भरताना, पुसताना, पंप हलवताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. पायात रबरी चप्पल असू द्या. पंपाची वायर पाण्यात लोंबकळत असेल तर वर बांधा. चालू कूलरमध्ये पाइप सोडून पाणी भरायची सवय घरात असेल तर ती आजच मोडा.

एसी ठरला तर

शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. वर उघडी गच्ची किंवा पश्चिमेची भिंत असेल तर दीड. गरजेपेक्षा मोठा घेण्यात शहाणपण नाही: विशेषतः किनारपट्टीवर मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार पण ओलसर अशी विचित्र हवा राहते.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर ताऱ्यांच्या खाली वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा असतो, तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला. दोन एसींची तुलना त्या आकड्यावर करा. लेबलचं वर्षही बघा, ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे आज चारही नसू शकतात. रोज रात्री सहा-आठ तास, वर्षात चार-पाच महिने वापर असेल तर पाच तारे. वर्षात चाळीस रात्रीच लागणार असेल तर तीन तारे पुरे, वरचे पैसे वसूल होत नाहीत.

विदर्भात घेत असाल तर एक गोष्ट दुकानदाराला विचारा: बाहेर ४५-४६ अंश असताना हा किती थंड करतो? एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. त्यापुढे पारा चढला की ती घटते. बाहेरचं युनिट बंद बाल्कनीत किंवा अरुंद डक्टमध्ये कोंबलं तर आणखी घटते, कारण ते स्वतःच सोडलेली गरम हवा परत ओढतं. कोकणात बाहेरच्या युनिटला खाऱ्या हवेने गंज धरतो. जाळीवर गंजरोधक लेप आहे का बघा आणि पावसाळ्यानंतर साध्या पाण्याने धुऊन घ्या.

एसीला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतःचा एमसीबी. एक टनाला किमान अडीच, दीड टनाला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जुन्या चाळीत किंवा जुन्या सोसायटीत मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

२०२० पासून तारांकित एसी सुरू केला की आकडा आपोआप २४ वर येतो. तो २६-२७ करा आणि छताचा पंखा मंद ठेवा. अंश वाढवला की दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि पंख्याच्या वाऱ्याने २७ सुद्धा २५ सारखा वाटतो.

ज्या घरात दोन्ही लागतात

आईबाबांच्या घरी आम्ही शेवटी दोन्ही ठेवले. बाहेरच्या खोलीत लोखंडी कूलर, आतल्या छोट्या खोलीत एक टनाचा एसी. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर. बाबांना दम्याचा त्रास, ओल्या हवेत आणि ताटीच्या वासाने त्यांचा खोकला वाढायचा, म्हणून रात्री त्यांच्यापुरता एसी. जून लागला की कूलर बंद आणि गदमद असेल त्या रात्री एसी. दोन्हींचं मिळून बिल नुसत्या दीड टनाच्या एसीवर दिवसरात्र काढण्यापेक्षा कमी येतं.

घरात तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा हृदयाचा आजारी असेल तर कूलर हात टेकतो ते दिवसच त्यांच्यासाठी सर्वांत जोखमीचे असतात. अशा घरी एक तरी खोली एसीची असावी. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर हवा कोरडी असूनही मी एसीच सुचवीन.

हंगामात आणि हंगामानंतर

डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा: टाकी पूर्ण रिकामी, कडा काथ्याने घासायच्या, तासभर उन्हात कोरडी. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या पातळीवर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. सर्वांत धोक्याचा कूलर म्हणजे जूनमध्ये बंद केलेला आणि तळाशी चार बोटं पाणी तसंच राहिलेला.

पहिला मोठा पाऊस झाला की त्याच आठवड्यात कूलर आवरा. प्लग काढून वायर गुंडाळून वर बांधा. गवताच्या ताट्या काढून टाका, त्यांत बुरशी धरते; कागदी ताटी ब्रशने हलक्या हाताने झाडून सावलीत वाळवा. पंप साध्या पाण्यात पाच मिनिटं चालवून, पुसून कोरड्या डब्यात ठेवा. टाकीचा तळ घासून, वाळवून, गंज दिसेल तिथे डांबरी रंगाचा हात द्या. आणि झाकायला प्लास्टिक घेऊ नका, आत दमट राहून पत्रा सडतो. जुनी सुती चादर बांधा, आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा आडोशाला सरकवून ठेवा.